अबुल फझलला कुणी मरू दिलं? मध्ययुगीन खुनाचा कागदावरचा तपास, नवख्यांसाठी

रहस्यकथांची गोडी असेल आणि इतिहासाच्या मूळ साधनांना अजून हात लावला नसेल, तर सुरुवातीला हे प्रकरण घ्या. यात बंडखोर आहेत, बापावर उठलेला युवराज आहे, रस्त्यात अडवून केलेली हत्या आहे आणि धडावेगळं करून दूरच्या शहरात पाठवलेलं शीर आहे. लागणारे बहुतेक ग्रंथ भाषांतरात, इंटरनेटवर फुकट मिळतात. शिवाय ज्याने खून करवला त्याने तसं स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे. हे ऐकून हिरमुसू नका. आरोपी आधीच कबूल झाला असला की मन "कुणी मारलं" यात अडकत नाही, आणि खरं कठीण काम शिकायला मोकळं राहतं.

आधी हकीकत. १६०२ च्या ऑगस्टमध्ये ग्वाल्हेरच्या दक्षिणेला, नरवर आणि आंतरी यांच्या दरम्यान, शेख अबुल फझल मारला गेला. अकबराचा सल्लागार, मित्र आणि त्याच्या कारकिर्दीचा इतिहासकार, वय ५१. मारणारा वीरसिंह देव बुंदेला. ओरछ्याच्या मधुकरशाहाचा हा धाकट्या मुलांपैकी एक. वाट्याला आलेल्या बडोनीच्या जहागिरीवर त्याचं भागेना, म्हणून आजूबाजूचा मुलूख बळकावत सुटलेला आणि बादशाही फौजा मागे लागलेला. त्याला सुपारी दिली शाहजादा सलीमने. तो तेव्हा अलाहाबादेत स्वतःचा वेगळा दरबार थाटून बसला होता. शीर अलाहाबादेला गेलं, धड आंतरीत पुरलं गेलं. तीन वर्षांनी अकबर वारला आणि सलीम जहांगीर म्हणून तख्तावर बसला.

आता वही उघडा आणि पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहा: एवढा मोठा माणूस इतक्या थोड्या लोकांनिशी त्या रस्त्यावर कसा सापडला? पुढचा सगळा तपास या प्रश्नाभोवती ठेवायचा.

१. आधी तारीख पक्की करा

हे काम रूक्ष वाटतं म्हणून नवखे ते टाळतात आणि पुढे गोंधळतात. या खुनाची तारीख एका पुस्तकात १२ ऑगस्ट आणि दुसऱ्यात २२ ऑगस्ट दिसेल. दोन्ही बरोबर आहेत. मूळ तारीख हिजरी: ४ रबी-उल-अव्वल १०११. ती जुन्या ज्युलियन कॅलेंडरात १२ ऑगस्टला पडते, ग्रेगोरियनमध्ये २२ ऑगस्टला. नवं कॅलेंडर १५८२ मध्ये आलं, पण इंग्लंडने ते १७५२ पर्यंत स्वीकारलं नाही, त्यामुळे जुने इंग्रज भाषांतरकार सतराव्या शतकातल्या तारखाही बऱ्याचदा जुन्या पद्धतीने देतात. म्हणून वहीत नेहमी हिजरी तारीख आधी लिहा आणि इंग्रजी तारखेपुढे कोणतं कॅलेंडर ते नोंदवा.

वर्षाची उलटतपासणी करायला एक मजेदार साधन हाताशी आहे. फारसीत अक्षरांना आकडे असतात आणि एखाद्या ओळीत साल दडवायची पद्धत होती. अकबराचा दूधभाऊ मिर्झा अझीझ कोका याच्या नावावर अशी एक खोचक ओळ सांगतात. तिचा आशय असा की पैगंबराच्या चमत्कारी तलवारीने बागीचं, म्हणजे बंडखोराचं, डोकं उडवलं. "बागी" या शब्दाची अक्षरं मोजा: बे २, अलिफ १, गैन १०००, ये १०, एकूण १०१३. आता खरोखरच त्याचं डोकं, म्हणजे पहिलं अक्षर बे, उडवा. उरले १०११. याची दुसरी बाजूही सांगतात: अबुल फझल कोकाच्या स्वप्नात आला आणि म्हणाला, माझं साल "बंदा अबुल फझल" या शब्दांत आहे. "बंदा"चे ६१ आणि "अबुल फझल"चे ९५०. पुन्हा १०११. स्वप्नाचं जाऊ द्या, बेरीज मात्र स्वतः करून बघा. फारसी वर्णमालेचा आकड्यांचा तक्ता सहज मिळतो. आणि दरबारात अबुल फझलच्या मरणावर खूश होणारेही होते, ही नोंद याच निमित्ताने वहीत करून ठेवा.

२. मयताची शेवटची तीन वर्षं

खुनाच्या दिवसापासून सुरुवात करू नका, मागे जा. मराठी वाचकाला इथे एक सोय आहे, कारण अबुल फझलची ही वर्षं आपल्याच भागात गेली. १५९९ मध्ये अकबराने त्याला दख्खनला पाठवलं ते शाहजादा मुरादला परत आणायला. मुराद दारूने पोखरला होता आणि त्याच वर्षी मेला. मग १६०० मध्ये अहमदनगर पडलं, १६०१ च्या आरंभी असीरगड. अकबर उत्तरेला परतला, अबुल फझल मागे राहिला, निजामशाहीचे सरदार मलिक अंबर आणि राजू दख्खनी यांच्याशी झुंजत.

आजवर लेखणीचा माणूस म्हणून ओळखला गेलेला अबुल फझल या काळात सेनापती झाला. हे महत्त्वाचं आहे. रस्त्यात त्याने जे निर्णय घेतले ते एखाद्या भित्र्या कारकुनाचे नव्हते. नुकत्याच मोहिमा मारलेल्या, आत्मविश्वास वाढलेल्या माणसाचे होते. सलीमच्या बंडाचं काय करायचं हे ठरवायला अकबराने बोलावलं, तेव्हा फौज मुलाच्या, अब्दुर्रहमानच्या, ताब्यात देऊन तो थोड्या लोकांनिशी निघाला.

३. साक्षीदार वेगवेगळे बसवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. चार मुख्य साक्षी आहेत. प्रत्येकासाठी वेगळं पान ठेवा आणि एकाचं वाचताना दुसऱ्याचं आठवून जोडू नका.

पहिली साक्ष जहांगीरची. आठवणींच्या ग्रंथात त्याची कबुली शोधायला गेलात तर खुनाच्या वर्षात ती सापडणार नाही. ती आहे कारकिर्दीच्या पहिल्या वर्षातल्या बढत्यांच्या यादीत. वीरसिंह देवला तीन हजारी मनसब (म्हणजे दरबारी दर्जा) दिली असं सांगताना, ती का दिली याचं कारण म्हणून बादशहा सगळं सांगून टाकतो: शेख माझ्याबद्दल मन साफ ठेवून नव्हता, तो दरबारी पोहोचला असता तर बाप-लेकांत अधिक बिघडलं असतं, वीरसिंहाचा मुलूख त्याच्या वाटेवर होता आणि तो तेव्हा बंडखोरच होता, म्हणून मी निरोप धाडला. स्वरात पश्चात्ताप नाही. देवाच्या कृपेने काम झालं, असंच तो लिहितो. राजदरबाराची साधनं वाचताना हे लक्षात ठेवा: गुन्ह्याची नोंद गुन्ह्याच्या जागी क्वचित मिळते, ती बक्षिसाच्या जागी मिळते.

दुसरी साक्ष असद बेग कझविनीची. हा अबुल फझलचा बरीच वर्षं चाकरी केलेला माणूस. त्याचं वर्णन सर्वांत जिवंत आहे आणि म्हणूनच सर्वांत सावधपणे वाचायचं. तो सांगतो की वाटेवरच्या सिरोंजला पोहोचल्यावर तिथल्या गोपालदासाने नव्याने भरती केलेले सुमारे तीनशे स्वार पुढे केले. थकलेली जुनी माणसं मागे ठेवावीत, ही नवी न्यावीत असं ठरलं, आणि खुद्द असद बेगलाही सिरोंजलाच थांबवलं गेलं. म्हणजे हत्येच्या वेळी तो तिथे नव्हता! भाला कुणी खुपसला, जब्बार नावाच्या सेवकाने मारेकऱ्याला कसं लोळवलं, वीरसिंहाने घोड्यावरून उतरून शेखचं डोकं मांडीवर कसं घेतलं, हे सगळं त्याने इतरांकडून ऐकलेलं आहे. त्यात भर म्हणजे खुनानंतर अकबर त्याच्यावरच भडकला होता: तू त्या वेळी कुठे होतास? म्हणजे हा साक्षीदार आपली बाजूही मांडतो आहे. त्यामुळे तो खोटा ठरत नाही. पण "मला मागे ठेवलं, मी तर सोबत यायला तयार होतो" अशा वाक्यांपुढे पेन्सिलीने खूण करा.

तिसरी साक्ष अकबरनाम्याची. यात एक विचित्र गोष्ट आहे. अकबरनामा लिहिणाराच मारला गेल्यामुळे त्याच्या मरणाचं प्रकरण दुसऱ्या हाताने, पुरवणी म्हणून, लिहिलं गेलं. सरकारी दप्तरात खुनाची नोंद आहे, पण ती लिहिणाऱ्याला गादीचा वारस कोण होणार याचं भान सुटलेलं नसणार. विशेषणांकडे लक्ष द्या: दोष कुणाच्या पदरात किती टाकला आहे?

चौथी साक्ष बुंदेल्यांच्या घरातली. कवी केशवदासांनी १६०७ मध्ये ब्रज भाषेत वीरसिंह देवाचं चरित्रकाव्य रचलं. म्हणजे खुनानंतर अवघ्या पाच वर्षांनी, मारेकऱ्याच्या आश्रयाला असलेल्या कवीने त्या खुनावर लिहिलं. यात वीरसिंह आधी सलीमची समजूत घालू पाहतो, धन्याने चाकरावर इतका राग धरू नये असं सुचवतो, आणि अबुल फझल शूरासारखा मरतो. राजाची कीर्ती गायला बसलेला कवी मयताचाही मान राखतो, यावरून बुंदेलखंडात या कृत्याबद्दल काही ना काही अवघडलेपण होतं असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे. तुमच्या वहीत तो अंदाज म्हणूनच उतरवा. याच केशवदासांनी पुढे १६१२ मध्ये जहांगीराचंही स्तुतिकाव्य लिहिलं, हेही त्याच पानावर हवं.

वाचताना एक खड्डा सांभाळा. जुन्या इंग्रजी भाषांतरांत "नरसिंह देव" असं नाव आलं तर नवा आरोपी सापडला असं समजू नका. फारसी लिपीत बे आणि नून यांच्यातला फरक एका टिंबाचा, खाली की वर एवढाच. नरसिंह म्हणजे आपला वीरसिंहच.

आणि ग्रंथ मिळवायचे कसे? जहांगीरच्या आठवणी रॉजर्स आणि बेव्हरिज यांच्या भाषांतरात, अकबरनामा बेव्हरिजच्या, असद बेगचे उतारे इलियट आणि डाउसन यांच्या सहाव्या खंडात, आणि अबुल फझलचं चरित्र ब्लॉकमनच्या आईन-इ-अकबरीच्या पहिल्या खंडाच्या सुरुवातीला. सगळे इंग्रजीत आहेत, जुने आहेत, इंटरनेटवरच्या संग्रहांत आहेत. केशवदासांसाठी हिंदी टीका असलेली प्रत घ्या, नुसती ब्रज झेपत नाही.

४. नकाशा, पाऊस आणि निरोपाचा वेग

मोठा कागद घ्या आणि त्यावर बऱ्हाणपूर, उज्जैन, सिरोंज, नरवर, आंतरी, ग्वाल्हेर, आग्रा अशी वाट काढा. मग बाजूला ओरछा, बडोनी (दतियाजवळ) आणि बरंच पूर्वेला अलाहाबाद मांडा. चंबळ, सिंध, पहूज आणि बेतवा या नद्या निळ्या रंगाने काढा. बंडखोर या पट्ट्यात का टिकतात हे पुस्तक न उघडता समजेल. नद्यांच्या काठाने घळी, घळींत लपायला जागा, मध्ये मध्ये गढ्या, आणि दख्खनहून आग्र्याला जाणारा राजरस्ता याच भागाला चाटून जातो. बादशाही घोडदळ मैदानात भारी. इथे तेच घोडदळ अडखळतं. ऑगस्ट आहे, म्हणजे माळव्यातला चिखल आणि भरलेले नाले. माणसं आणि घोडी सिरोंजपर्यंत दमून आली असणार, जुने सैनिक मागे ठेवण्याचा निर्णय त्यामुळे निदान समजण्यासारखा वाटतो.

आता निरोपांचा हिशेब मांडा. अकबराचा हुकूम आग्र्याहून दख्खनला गेला. शेख निघतो आहे ही बातमी अलाहाबादेत सलीमला कळली. त्याचा निरोप तिथून बुंदेलखंडात पोहोचला आणि वीरसिंहाने माणसं जमवली. हे सगळं शेख नरवरपर्यंत यायच्या आत झालं. याचा अर्थ सलीमला बातमी लवकर मिळाली होती. कुणाकडून? आग्र्याच्या दरबारातून, हे उत्तर सगळ्यात सोपं आहे, पण तिथल्या कुणा एकाकडे बोट दाखवता येत नाही. प्रश्न उघडा ठेवा. नवख्यांना उघडा प्रश्न सहन होत नाही आणि मग ते एखाद्या आवडत्या खलनायकाचं नाव तिथे भरतात.

इशारे मात्र मिळाले होते. उज्जैनला शेखच्या कानावर सलीमचा बेत आला. सोबतच्यांनी घाटी चांदाच्या वाटेने जाऊ म्हटलं. त्यावर, चोर-लुटारूंची काय बिशाद की दरबारी निघालेल्या मला अडवतील, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं. हल्ल्याच्या आदल्या दिवशी एका फकिरानेही सावध केल्याचं सांगतात. आणि प्रत्यक्ष हल्ल्याच्या वेळी गदाई खान अफगाण त्याला म्हणाला की आंतरी दोन-तीन कोसांवर आहे, तिथे राय रायान आणि सूरजसिंह दोन-तीन हजार स्वारांनिशी आहेत, तिकडे निघून चला. शेखने पाठ दाखवायला नकार दिला.

हे दोन-तीन कोस या प्रकरणाचं मर्म आहेत. नकाशावर ते अंतर मोजा. एवढी मोठी बादशाही फौज इतक्या जवळ असताना ती सामोरी का आली नाही? वजीराच्या तोडीचा माणूस बंडखोरांच्या मुलखातून येतो आहे हे तिला ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून कुणी तसदी घेतली नाही? माझं मत दुसऱ्या शक्यतेकडे झुकतं, आणि त्याचं कारण पुढच्या पाठलागात आहे.

५. फायदा कुणाचा, हे विचारा, पण त्यावर विसंबू नका

रहस्यकथांनी लावलेली ही सवय इथे तपासून घ्या. वीरसिंहाचा फायदा उघड आहे: मोठा भाऊ रामशाह बाजूला झाला आणि ओरछ्याची गादी त्याला मिळाली. पण यादी पुढे न्या. मयताचा मुलगा अब्दुर्रहमान याला जहांगीराने मनसब दिली, "अफझल खान" हा किताब दिला (आपल्या प्रतापगडच्या अफझलखानाशी याचा काही संबंध नाही) आणि पुढे बिहारचा सुभेदार केलं. वीरसिंहाचा पाठलाग ज्याने केला त्या राय रायान पत्रदासला राजा विक्रमाजित हा किताब मिळाला आणि तोफखान्याचं प्रमुखपद मिळालं. मारेकरी, मयताचा वारस आणि पाठलाग करणारा, तिघांचंही भलं झालं! बादशहा नव्या राज्यात जुनी भांडणं मिटवत होता, एवढंच यातून निघतं. लाभावरून गुन्हेगार काढायला गेलात तर इथे सगळेच अडकतील.

६. खुनानंतरचं वागणं तपासा

तैमुरी, म्हणजे मुघल, घराण्यात शाहजाद्याच्या मृत्यूची बातमी तोंडाने सांगत नसत. त्याचा वकील, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, मनगटाला निळा रुमाल बांधून समोर येई. अबुल फझलची बातमी अकबराला तशीच कळवली गेली असं नोंदलेलं आहे. चाकराच्या मरणाला शाहजाद्याचा मान. सलीमला राज्य हवं होतं तर त्याने मला मारायचं होतं, शेखला सोडायचं होतं, असे उद्गारही अकबराच्या तोंडी देतात. ते परंपरेने आलेले म्हणून नोंदवा.

पाठलाग नीट वाचा. बादशाही फौजेने वीरसिंहाला बेतवेच्या काठी एरच इथे कोंडलं. रात्री भिंतीला भगदाड पाडून तो निसटला. वेढा घालणाऱ्या फौजेच्या मधून! अकबराने चौकशीला पाठवलं ते असद बेगलाच. त्याने परत येऊन जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा की मुद्दाम कुणी सोडलं नाही, गाफील मात्र सगळेच राहिले. हे वाक्य माझ्या दृष्टीने या तपासातला सर्वांत मोठा धागा आहे. म्हातारा होत चाललेला बादशहा, उद्या तख्तावर येणारा शाहजादा, आणि त्या शाहजाद्याच्या माणसाला पकडायची कामगिरी मिळालेले सरदार. पकडलं तर आज शाबासकी, उद्या गादीवर बसणाऱ्याचा राग. अशा वेळी कट रचावा लागत नाही; हात जरा सैल ठेवला की पुरतं. आंतरीच्या छावणीतही हेच झालं असेल का? पुरावा नाही, पण त्याच माणसांकडून दोनदा तसंच वर्तन घडलेलं आहे, म्हणून हा तर्क मी वहीत ठेवतो, निकाल म्हणून नव्हे.

सलीमला शिक्षा झाली नाही. अकबराच्या बेगम सलीमा सुलतान अलाहाबादेला जाऊन त्याला घेऊन आल्या, १६०३ मध्ये बाप-लेकाची भेट झाली, अकबराने स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. मुराद मेला होता, दानियाल बऱ्हाणपुरात दारूत बुडालेला. अकबराच्या हातात दुसरा पर्याय उरला नव्हता.

७. जमल्यास जागा पाहून या

झाशीला उतरा, पंजाब मेल तिथे आणि पुढे ग्वाल्हेरलाही थांबते. ओरछ्याचा जहांगीर महाल वीरसिंहाने बांधला, दतियाचा सात मजली वाडाही त्याचाच, आणि ज्या झाशीच्या किल्ल्याशी मराठी मन जोडलेलं आहे तो १६१३ चा मूळ किल्लाही याच माणसाचा. मारेकऱ्याने काय कमावलं ते तिथे दगडात दिसतं. मग झाशी-ग्वाल्हेर मार्गावरच्या आंतरीला जा, तिथे अबुल फझलची कबर आहे. आकाराची तुलना आपोआप होईल. नरवरचा किल्ला चढायला वेळ ठेवा. रस्त्यावर नजर कुठून राहते ते वरून कळतं. पावसाळ्यात गेलात तर हाल होतील, पण शेखच्या माणसांचे किती हाल झाले असतील त्याचा अदमासही येईल.

वही भरली की लगेच दुसरं प्रकरण घ्या: जहांगीरचा थोरला मुलगा खुस्रो, मृत्यू १६२२, ठिकाण बऱ्हाणपूर, ताबा धाकट्या भावाकडे, खुर्रमकडे, म्हणजे पुढच्या शाहजहानकडे. जहांगीरच्या आठवणीत कारण दिलं आहे पोटशूळ. या वेळी कबुली कुठेच नाही, त्यामुळे तिसऱ्या पायरीला दुप्पट वेळ राखून ठेवा.